फोटो आणायला

मुलांनो, पुस्तकं मिटा. डोळेही मिटा, पण झोपू नका. तुम्ही सतरा वर्षांचे आहात, तेवढं तर कल्पनेनं आणावं लागणार नाही. बाकीचं आणा. जानेवारीतली दुपार आहे. दोन माणसं शेजारून गेली तर खांदे घासतील अशा बोळात तुम्ही उभे आहात. समोर हिरवं दार आहे, अर्धवट उघडं. आत कुठेतरी रेडिओ चालू आहे आणि कोळशाच्या इस्त्रीखाली ओलं कापड पडलं की येतो तसा वास येतोय. तुम्हाला या घरातून एक फोटो न्यायचाय. कोणाचा ते तुम्हाला माहीत आहे, कशासाठी तेही माहीत आहे. कडी वाजवायला तुम्ही हात वर केला आहे.

तो हात तसाच वर राहू द्या. मी थोडं मागचं सांगतो.

त्या दारासमोर खरोखर उभी होती ती शमा मुजावर, बारावी कला शाखेतली माझी विद्यार्थिनी. तिच्या मागे, स्कूटर भिंतीला टेकवून, मी उभा होतो. गाव कराड. खिशात फोन घेऊन फिरायचे दिवस अजून आले नव्हते.

आमच्याकडे अकरावी-बारावीला वृत्तविद्या, म्हणजे पत्रकारिता, हा विषय नुकताच सुरू झाला होता. शिकवायला माणूस मिळेना. मी मराठी शिकवायचो आणि स्टाफरूममध्ये येणारे सगळे पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो, एवढ्या पात्रतेवर प्राचार्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. वर्गात अकरा मुलं. त्यातली बरीचशी गणिताच्या भीतीनं आलेली. शमा मात्र ठरवून आली होती. तिचे वडील गवंडीकाम करायचे. बारावीपर्यंत शिक, पुढे नाही, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. पण एखाद्या चांगल्या ठिकाणी नोकरी लागली तर बघू, असंही एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं. ते एक वाक्य पोरीनं घट्ट धरून ठेवलं होतं.

मला त्या विषयात जे खरंच शिकवता आलं ते एकच, बातमीचं पहिलं वाक्य. मी मुलांना उभं करायचो आणि म्हणायचो, समोरचा माणूस घाईत आहे, एक पाय उंबऱ्याबाहेर आहे, त्याला एका वाक्यात सांगा. मुलं सुरुवात करायची ती सकाळपासून. आभाळ कसं भरून आलं होतं, वारा कसा सुटला होता. तोवर तो माणूस निघून गेलेला असायचा. शमाची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "काल रात्री वाऱ्यानं आठवी ब चा पत्रा उडाला, कुणाला लागलं नाही, पण आजपासून तो वर्ग व्हरांड्यात बसेल."

मी विचारलं, "कुणाला लागलं नाही, हे मध्येच का घातलंस?"

"लोक पहिल्यांदा तेच विचारतात, सर," ती म्हणाली. "मग मी आधीच सांगून टाकलं."

बारावीला या विषयाचं प्रात्यक्षिक म्हणजे वृत्तपत्राच्या कचेरीत दोन आठवडे काम. गावातल्या एका दैनिकात मी तिची सोय लावली. तिथले मुख्य उपसंपादक गुजर म्हणून होते. जाडजूड, कानावर पेन्सिल, तोंडात पान, आणि बोलताना पान सांभाळायचं म्हणून हनुवटी कायम वर. तिच्या कामावर ते खूश होते. पोरगी टिकली तर जूनमध्ये शिकाऊ म्हणून घेतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी ते शमाला सांगितलं आणि शमानं घरी. त्या दिवसापासून तिचे वडील तिला रोज पेपराच्या दारापर्यंत सोडायला येऊ लागले.

प्रात्यक्षिकाच्या शेवटच्या दिवशी मी गुण भरायला कचेरीत गेलो होतो. तेवढ्यात घाटमाथ्यावरच्या बातमीदाराचा फोन आला. गुजर नुसते हं हं करत कागदावर लिहीत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी आधी पान थुंकलं.

आमच्या गावचा बँड आदल्या रात्री चिपळूणला वरातीला गेला होता. पहाटे परत येताना कुंभार्ली घाटात टेंपो दरीत गेला. दोघं जागीच गेले, दत्तात्रय वायदंडे आणि पोपट सकटे. एक क्लॅरोनेटवाला, एक ढोलवाला. बाकीचे जखमी.

शमा गुजरांच्या टेबलापाशी उभी होती. तिनं विचारलं, "ओळख कशी पटली?"

"ड्रेसच्या खिशावर नावं शिवलीयत म्हणे."

"ड्रेस एकमेकांचे घातले असतील तर?"

गुजरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हा प्रश्न मीच पोरीला शिकवून आणला होता. त्यांनी परत फोन लावला. बराच वेळ लाईन लागेना. लागली तेव्हा कळलं की बँडचे खाशाबा मास्तर हात मोडून मयतं नेलेल्या दवाखान्यातच आहेत, आणि त्यांनी दोघांनाही पाहिलं आहे. तेच दोघे. शंका नाही.

"झालं समाधान?" गुजर म्हणाले. "आता फोटो. पहिल्या पानाचा मजकूर सहाला सोडायचाय. फोटो आणायला तू जायचंस."

मी म्हणालो, एवढ्या लहान मुलीला कशाला. त्यांनी हात हलवला. नव्यानंच जायचं हा त्या कचेरीचा रिवाज होता. ते स्वतः गेले होते, त्यांच्या आधीचेही गेले होते. कारणही त्यांनी सांगितलं. मयताच्या घरचे लोक मोठ्या माणसाला दारातून हाकलतात, पोरसवदा चेहऱ्याला हाकलत नाहीत.

मग ते शमाकडे वळले. "रडायचं नाही. सांत्वन करायचं नाही, ते करायला तिथं गाव जमलेलं असतं. पेपरातून आलेय, फोटो हवाय, एवढंच बोलायचं. नाव, वय, पत्ता लिहून घ्यायचा. फोटो घेतला की मागे बघायचं नाही."

"घरी कळलंय ना?" शमानं विचारलं.

"पोलिसांनी कळवलं असणार. दुपारचे तीन वाजलेत."

गाडी नव्हती. म्हणून मी तिला स्कूटरवर घेतलं. दोन्ही घरं एकाच बोळात, लागून, असं गुजरांनी सांगितलं होतं. वाटेत ती एकदाच बोलली. मला विचारलं, की दाराशी गेल्यावर चपला काढायच्या का. मी म्हणालो, काढ.

आणि आता आपण पुन्हा त्या हिरव्या दारासमोर आहोत. मयताच्या घराची खूण विचारावी लागत नाही. माणसं बाहेर उभी असतात, पुरुष हळू बोलत असतात, आतून रडणं येतं. त्या बोळात कोणी नव्हतं. दोरीवर कपडे वाळत होते. रेडिओ वाजत होता. शमानं वर केलेला हात खाली घेतला आणि माझ्याकडे वळून पाहिलं, पण तेवढ्यात आतूनच कोणीतरी विचारलं, "कोन हाय?"

शमानं दार ढकललं. एक बाई इस्त्री हातात धरून उभी होती. पस्तिशीची असेल. पदर कमरेला खोचलेला, कपाळावर घाम, ठसठशीत कुंकू. ती कांता, दत्तात्रय वायदंडेची बायको.

"वहिनी, पेपरातून आलेय," शमा म्हणाली. हे वाक्य तिनं वाटेत पाठ केलं असणार, कारण ते आपोआप तिच्या तोंडून गेलं. "दत्तात्रय वायदंडेंचा फोटो हवा होता."

कांता जरा वेळ तशीच बघत राहिली. मग तिच्या तोंडावर हसू यायला लागलं.

"ह्येंचा? पेपरात?" ती म्हणाली. "तरी मास्तर म्हनलंच व्हतं, ह्या वरातीचं नाव होनार. बसा की. सायेब, तुमी भाईर का?"

घरात पुरुष माणूस नव्हता, तेव्हा मी उंबऱ्यावरच टेकलो. शमा आत गेली. गेली म्हणण्यापेक्षा, कांतानं तिला दंडाला धरून आत नेलं आणि इस्त्री करायच्या घोंगडीच्या कडेला बसवलं.

तिला माहीत नव्हतं. मला ते कळलं आणि शमाला माझ्या आधी कळलं होतं. पोलिसांचं काय झालं ते आम्हाला नंतर समजलं. शिपाई बँडच्या दुकानावर गेला होता. दुकान बंद, मास्तरांच्या घराला कुलूप. तो परत गेला.

कांताचं बोलणं मात्र थांबत नव्हतं. चिपळूणचं लग्न कुणा बागाईतदाराचं होतं, घोडा होता, शोभेची दारू होती, फोटो काढायला शहरातून माणूस येणार होता, हे सगळं तिनं बँड निघण्याआधीच ऐकलेलं होतं आणि ते तिनं आम्हाला असं सांगितलं जणू ती स्वतः वरातीत चालून आली होती. लांबची वरात असली की टेंपो दुपार करूनच यायचा, त्यामुळे उशिराचं तिला काही वाटत नव्हतं. आज पुन्हा रात्री गावातच वरात होती. टेंपो येईल, माणसं तोंड धुतील, चहा घेतील की लगेच निघतील, म्हणून ती दुसरा जोड इस्त्री करून ठेवत होती. लाल कोट, सोनेरी गोफ. सहा-सात कोट घडी घालून रचले होते.

"सगळ्यांचं तुम्हीच करता?" शमानं विचारलं. तिला काहीतरी बोलायचं होतं.

"करते की. नावंबी मीच शिवलीत." कांतानं वरचा कोट उचलून खिसा दाखवला. पिवळ्या दोऱ्यानं, गोल वळणदार अक्षरांत, नाव शिवलेलं होतं. "न्हाईतर ह्ये एकमेकांचं घालून जात्यात. गेल्या साली ह्येंच्या अंगात पोपटचा कोट. बटनंच लागंनात. अख्खी वरात हसली."

शमानं त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि लगेच काढलं.

कांतानं खिळ्यावरची तसबीर उतरवली. कोटातला फोटो होता, क्लॅरोनेट छातीशी धरलेलं, गाल सपाट, डोळे जरा घाबरलेले. तिनं पदराच्या टोकानं काच पुसली. "ह्यो रंगीत हाय. तुमास्नी काळापांढरा लागतो का?"

"कुठलाही चालेल," शमा म्हणाली.

"कुटलाबी कसा? पेपरात यायचाय." तिनं तसबीर उजेडाकडे धरून पाहिली. "डोळं कसं मोठं केल्यात बगा. फोटोवाला म्हनत व्हता हसा, तर ह्येंला हसूच येईना. लगीन लागताना बी असंच." मग ती म्हणाली, "नाव नीट घाला हां. दत्तात्रय ज्ञानू वायदंडे. सगळी दत्तू म्हनत्यात. दत्तू नगं."

शमानं लिहून घेतलं. तिनं मान वर केली नव्हती. दोन आठवडे तिनं जी कामं केली होती, त्या प्रत्येकात नावानंतर एकच गोष्ट यायची. तिनं विचारलं, "वय?"

"वय?" कांता हसली. "छत्तीस म्हना. का, दुसरं लगीन लावायचंय त्येंचं?"

शमानं छत्तीस लिहिलं. मी तिची पेन्सिल पाहत होतो. आकडा लिहून झाल्यावर ती त्याच आकड्यावरून पुन्हा पुन्हा फिरत राहिली.

तेवढ्यात शेजारच्या दारातून एक मुलगी आली. बाई म्हणावं असं वय नव्हतं, शमापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठी. हातभर हिरवा चुडा, ओले केस. उंबऱ्यावर मी बसलेला पाहून तिनं पदर सारखा केला, पण बोलायची थांबली नाही.

"काय गं कांताक्का, पावनं कोन?"

कांतानं सांगितलं. त्या मुलीनं कमरेवर हात ठेवले.

"आनि निसता पिपानीवाल्याचाच फोटो? ढोल न्हाई वाजला तर त्या पिपानीवर कोन नाचनार हाय?" मग शमाकडे वळून म्हणाली, "आमच्या ह्येंचाबी घ्या की. पोपट सकटे. हसू नगा, आईबापानं ठेवलंय त्ये नाव."

"बेबे, पेपरवाल्यांनी मागितला न्हाई तुज्या नवऱ्याचा," कांता म्हणाली.

"मागितलाय," शमा म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या.

"त्यांचाही हवा आहे," शमा म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

बेबीनं कांताला अंगठा दाखवला. आता बोल, अशा अर्थाचा. "टरंकेत हाय खाली. काडून आनते. पळून जाऊ नगा हां," असं म्हणत ती गेलीसुद्धा. लागूनच घर, मध्ये एकच भिंत. ट्रंक ओढल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला.

मी म्हणालो, "शमा, जरा बाहेर ये."

ती उंबऱ्याशी आली. मी हळू आवाजात तिला सांगितलं, की फोटो राहू दे, आपण निघू या. चौकीवर जाऊन सांगतो, ते बायामाणसं, नातेवाईक गोळा करतील आणि रीतसर कळवतील. हे आपलं काम नाही.

"मग आत्ता काय सांगून निघायचं?" तिनं विचारलं.

"सांगू, परत येतो."

"चौकीवरचे कधी येतील?"

"येतील तासाभरात."

"सकाळपासून कुठे आलेत सर ते?" ती म्हणाली. "आणि नाही आले तर? बातमी तर सहाला सुटणार. फोटो असू दे, नसू दे."

मी घड्याळ पाहिलं.

"ती उद्या पहाटे स्टँडवर जाऊन पेपर घेईल," शमा म्हणाली. "फोटो बघायला."

आतून कांतानं हाक मारली, की चहा टाकलाय, सरांनापण सांग. मग जराशानं, चहाचं आधण सोडून, ती आमच्याकडे वळली. इस्त्री पुन्हा तिच्या हातात होती. निखाऱ्यांवर राख आली होती आणि ती फुंकर मारायला इस्त्री तोंडाजवळ नेत होती. तशीच थांबली.

"पोरी," ती म्हणाली, "वय कशाला लागतं गं?"

शमा आत गेली.

"फळीवर पेपर आंथरते मी," कांता म्हणाली. ती सावकाश बोलत होती, पहिल्यांदाच. "वाचते कवा कवा. चौथी झालीय माजी. गान्याबजावन्याचं छापत्यात त्यात वय नसतं. वय कवा लिवत्यात?"

मी उठून उभा राहिलो. मी तोंड उघडलं. आम्हा शिक्षकांकडे अशा वेळेसाठी शब्द असतात, तुम्ही धीर धरा, बसून घ्या, जरा वाईट बातमी आहे. त्यातला पहिला शब्द माझ्या ओठांवर होता.

"सर, थांबा," शमा म्हणाली.

तिनं आधी कांताच्या हातातली इस्त्री घेतली. जड होती, दोन्ही हातांनी घ्यावी लागली. ती तिनं घोंगडीपासून लांब, भिंतीशी, उभी करून ठेवली. रेडिओ बंद केला. मग कांताच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. कांता आपोआप खाली बसली.

"वहिनी," शमा म्हणाली, "आज पहाटे कुंभार्ली घाटात टेंपो दरीत गेला आणि दत्तात्रयभाऊ त्यात वारले."

एका वाक्यात. मी शिकवलं होतं तसं. घाईत असलेल्या माणसाला सांगायचं तसं, फक्त हिला कुठंच जायचं नव्हतं.

कांता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग मान हलवून म्हणाली, "कोट बदलला असंल. तुमास्नी सांगितलं की मगाशी. ह्ये एकमेकांचं घालत्यात."

"मीही तेच विचारलं होतं," शमा म्हणाली. "मास्तरांनी तोंड बघून ओळखलंय. मास्तर वाचलेत. त्यांचा हात मोडलाय."

"मास्तरांनी बगितलं?"

"हो, वहिनी."

चहा उतू गेला. चुलीवर चर्र असा आवाज झाला आणि दुधाचा करपट वास घरभर पसरला. कोणी उठलं नाही. कांता रडली नाही. तिच्या मांडीवर तसबीर होती. तिनं ती पालथी केली आणि तिच्या पाठीवरचा पुठ्ठा हातानं सपाट करत राहिली. शमानं त्या तसबिरीला हात लावला नाही.

मग कांतानं विचारलं, "लई लागलं व्हतं का त्येंना?"

शमाच्या जागी मी असतो तर नाही म्हणालो असतो. काही कळलं नसेल त्यांना, झोपेतच असतील, असं सांगितलं असतं. कोणीही सांगितलं असतं. ती सतरा वर्षांची पोर म्हणाली, "मला माहीत नाही, वहिनी. मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं."

कांतानं मान हलवली. जणू काही हेच उत्तर तिला चालणार होतं.

मग भिंतीपलीकडे ट्रंकेचं झाकण आपटलं. कांताची नजर भिंतीकडे गेली आणि परत शमाकडे आली. विचारायची गरज उरली नव्हती, तरी तिनं विचारलं. पेपरवाल्यांना दुसरा फोटोही हवा होता, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"पोपट बी?"

"हो," शमा म्हणाली.

"धा म्हैनं झालं न्हाईत लग्नाला," कांता म्हणाली. ती उठायला गेली. गुडघे टेकवले, हात भिंतीला लावला आणि तशीच राहिली. "मला न्हाई जमायचं. मी न्हाई सांगू शकत तिला. पन हितं यू द्यू नगा. हातात फोटू घिऊन यील ती."

पलीकडून बेबीचा आवाज आला. गावला गं, म्हणत होती. लगनातला हाय, दोगांचा हाय, पन मला कापून घ्या म्हनावं त्यांस्नी. बांगड्या वाजल्या. ती उठत असणार.

मी म्हणालो, "शमा, मी जातो."

तिनं वही आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "तुम्ही यांच्यापाशी बसा, सर," ती म्हणाली. "आत या. असं दारात नका बसू."

ती माझ्या शेजारून बाहेर पडली. चपला उंबऱ्यापाशीच राहिल्या. बोळात पाऊल टाकून ती शेजारच्या दाराकडे वळली, आणि बेबी फोटो घेऊन उंबरा ओलांडायच्या आत तिच्या दारात पोहोचली. तिनं कडी वाजवली नाही. ती सरळ आत गेली आणि दार मागे ओढून घेतलं.